कॉफी गार होते म्हणून फ्रेंच प्रेस बदलताय? आधी हे तपासा

"वहिनी, काचेचा देऊन टाकते आणि स्टीलचा घेते. दुसरा कप रोज गार होतो."

नेरूळहून नणंदेचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते. समोर माझा स्टीलचा फ्रेंच प्रेस होता, म्हणजे कॉफीची पूड गरम पाण्यात मुरवून दांड्याने जाळी खाली दाबायचं भांडं. तोही मी अगदी ह्याच तक्रारीपायी दोन वर्षांपूर्वी घेतला होता. तिला लगेच हो म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "आठ दिवस थांब. आधी सांग, दूध कुठलं घालतेस?"

"कुठलं म्हणजे? फ्रिजमधलंच. ओतायच्या वेळी काढते."

इथूनच सुरुवात करते, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी दुधाची पितात. प्रेसमधून ८५ अंशांची १५० मिली कॉफी कपात पडली आणि त्यात फ्रिजमधलं ५ अंशांचं ५० मिली दूध गेलं, तर कपातलं मिश्रण साधारण ६५ अंशांवर येतं. एका झटक्यात २० अंश गेले. वर गार कप, वर साखर ढवळण्यात गेलेला वेळ. प्रेस काचेचा असो की स्टीलचा, हे नुकसान दोन्हीत तेवढंच. दूध कढत घातलं तर हेच मिश्रण ८० च्या पुढे राहतं. म्हणून कुठलाही प्रेस बदलण्याआधी आठ दिवस दूध तापवून घाला, कपात आधी थोडं गरम पाणी फिरवा आणि प्रेसही कोरडा गार न वापरता आधणाच्या पाण्याने विसळून घ्या. तक्रार पहिल्या कपाची असेल तर ती बहुधा इथेच मिटते.

नणंदेची पहिल्या कपाची तक्रार मिटली. दुसऱ्याची राहिली, आणि ती खरी होती.

आमच्या घरचं उदाहरण सांगते. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. ह्यांना ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जायचं असतं, त्यामुळे आमची दोघांची कॉफी सव्वासहाला होते. सासूबाई पूजा आटोपून सात वाजता कॉफी घेतात. म्हणजे दोन कपांत पाऊण तासाचं अंतर. काचेच्या भांड्यात तेवढ्या वेळात कॉफी कोमट होऊन जाते, कारण काचेची एकच पातळ भिंत आणि त्यावर पत्र्याचं सैल झाकण. स्टीलचा प्रेस आणला आणि पहिल्याच दिवशी सातची कॉफी वाफाळती निघाली. मला फार समाधान वाटलं. तीन-चार दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही कॉफी करपल्यासारखी का लागतेय? तू ही परत उकळलीस का?"

मी उकळली नव्हती. उकळायची गरजच नव्हती, कारण प्रेसच्या आत ती चोथ्याबरोबर पाऊण तास गरमागरम मुरत पडली होती.

फ्रेंच प्रेसमधली जाळी चोथा खाली दाबते, बाहेर काढत नाही, हे आपल्या लक्षात राहत नाही. नावात फ्रेंच असलं तरी आज ज्या रूपाशी हे भांडं मिळतंजुळतं आहे त्याचं पेटंट १९२९ साली मिलानच्या अत्तिलियो कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी घेतलं. तेव्हापासून आजवर मांडणी तीच: चोथा तळाशी, कॉफी वर, मध्ये जाळी. दाबल्यावर मुरण्याचा वेग कमी होतो, पण थांबत नाही. त्यात जाळीतून निसटलेली बारीक पूड कॉफीत तरंगतच असते. सुरुवातीला चव आणि आंबटगोडपणा उतरतो, मग उरतो तो कडवटपणा आणि तुरटपणा. पाणी जितकं गरम राहील तितकं हे काम जोरात चालतं. म्हणजे काचेत दुसरा कप गार होतो आणि स्टीलमध्ये दुसरा कप कडू होतो. भांडं बदलून आपण एक तक्रार देऊन दुसरी घेतो.

उपाय दोन्हीला एकच: चार मिनिटं मुरली की दांडा दाबा आणि प्रेस पूर्ण रिकामा करा. आत्ता प्यायची ती कपात, नंतरची ती झाकण घट्ट बसणाऱ्या थर्मासमध्ये. चहासाठी प्रवासात नेतो तो अर्ध्या लिटरचा थर्मास पुरतो, फक्त तो कॉफीसाठी वेगळा ठेवा आणि आधी गरम पाण्याने भरून तापवून घ्या. ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी एकदा हा प्रयोग करावा. एकाच प्रेसमधली अर्धी कॉफी चौथ्या मिनिटाला थर्मासमध्ये काढा, अर्धी चोथ्यावरच राहू द्या. पाऊण तासाने दोन वाट्यांत, दूध-साखर न घालता, शेजारी शेजारी चाखा. नणंदेने रविवारी केला, तिला पहिल्या घोटातच कळलं.

मग स्टीलचा घ्यायचाच नाही का? असं नाही. पण तो गरमपणासाठी घेण्यापेक्षा न फुटण्यासाठी घ्यावा, असं माझं मत आहे.

काच का फुटते

माझं पहिलं काचेचं भांडं पाच महिने टिकलं, दुसरं सात. दुसरं फुटलं ती सकाळ मला नीट आठवते. आधण ओतलं, पाणी अर्ध्यावर आलं आणि 'टिक्' असा आवाज झाला, करंगळीने वाटी वाजवावी तेवढाच. मी किटली बाजूला ठेवेपर्यंत भांड्याचा तळ वाटीसारखा गोल सुटला आणि सगळं कढत पाणी ओट्यावरून शेगडीखाली आणि तिथून ट्रॉलीवर उतरलं. सासूबाई रोज त्याच जागी उभं राहून फुलं निवडतात. त्या दिवशी त्या नुकत्याच देवघराकडे वळल्या होत्या. नंतर दिवसभर माझ्या हाताला कंप होता.

दुपारी ते तुकडे कागदावर घेऊन मी खिडकीशी उजेडात धरले. आतल्या बाजूला केसासारखे बारीक ओरखडे होते, दोन प्रकारचे. एक सरळ उभे, वरून खाली आलेले. प्रेसची जाळी बघितली तर कडेला एक तार सुटून बाहेर आली होती, दांडा दाबला की ती रोज काचेवरून घासत उतरायची. दुसरे ओरखडे अर्धगोल, एकावर एक, तळाशी दाट. ते कशाचे ते मला भांडीवाल्या मावशींनी सांगितलं. "ताई, आतून तेलकट लागतं. साध्या स्पंजाने निघत नाही, म्हणून तारेची घासणी मारली."

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. कॉफीचं तेल काचेला धरून बसतं आणि साबणाचा हात फिरवून जात नाही. त्यासाठी काय वापरायचं ते मी त्यांना कधी दिलंच नव्हतं.

ह्या भांड्यांची काच सहसा बोरोसिलिकेट असते. साधी काच एक अंश तापमान वाढलं की जेवढी प्रसरण पावते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच ही पावते. त्यामुळे चांगलं भांडं नुसत्या आधणाने फुटत नाही. पण काच फुटायला सुरुवात लागते, आणि ती ओरखडा देतो. तापमानाचा ताण त्या रेघेपाशी गोळा होतो, रोज थोडा, आणि एका सकाळी रेघ पुढे सरकते. म्हणून भांडं आपटलं नसतानाही 'आपोआप' फुटलं असं वाटतं.

दर काही महिन्यांनी काच जात असेल तर हे बघा. जाळीच्या कडेवरून बोट न फिरवता कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तार सुटली आहे, जाळी बदला. जाळ्या सुट्या मिळतात. स्टीलच्या चमच्याने आत ढवळू नका, लाकडी घ्या. तारेची घासणी त्या भांड्याच्या जवळपासही ठेवू नका. बाटली धुवायचा मऊ ब्रश आणि आठवड्यातून एकदा चमचाभर खायचा सोडा कढत पाण्यात घालून दहा मिनिटं, एवढ्याने तेल सुटतं. आमच्या मावशींनी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा पाण्यावर आलेला तपकिरी तवंग मला बोलावून दाखवला.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरांची. ओट्याचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट सकाळी पुसून ओला आणि गार असतो. ज्या प्रेसला खाली धातूची चौकट आहे त्याचा तळ अधांतरी राहतो, त्याला फारशी भीती नाही. चौकट नसलेला प्रेस थेट ओल्या दगडावर ठेवून आधण ओतलं तर आतून शंभर अंश आणि खालून गार दगड, हा ताण ओरखडा असलेल्या काचेला पुरेसा होतो. खाली घडी घातलेलं सुकं फडकं किंवा पोळपाट ठेवा.

दांडा दाबला जात नसेल

हे मी इथेच सांगते, कारण अपघात बहुतेक इथे होतात. दांडा अडला की आपण दोन्ही हातांनी जोर लावतो, मग एक तर काच तडकते किंवा चोचीतून कढत कॉफी उसळून मनगटावर येते. दांडा अडतो तो पुडीमुळे. आपल्याकडे माटुंग्याहून किंवा जवळच्या दुकानातून जी फिल्टर कॉफी दळून आणतो ती ह्या प्रेससाठी फार बारीक असते. बेसनापेक्षा जाड आणि बारीक रव्यापेक्षा बारीक, अशी ती बोटांना लागते. तिच्यात चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, असेल तर तीही पाण्यात लवकर विरघळून पाणी दाट करते, आणि जाळी गच्च होते. प्रेसला जाड रव्यापासून लापशी रव्यापर्यंतचा दळ हवा, आणि शक्यतो चिकोरीशिवाय. दुकानदाराला 'फ्रेंच प्रेससाठी' म्हटलं तर बहुतेकांना कळतं, नाहीच कळलं तर लापशी रवा म्हणा.

अडलाच तर जोर लावू नका. दांडा बोटभर वर घ्या, अर्धा मिनिट थांबा, मग हळू दाबा. नाहीच गेला तर झाकण काढून कॉफी गाळणीने गाळून घ्या. दांडा नुसता ठेवल्यावर आपोआप खाली गेला तर उलट, दळ फार जाड झाला आहे, कॉफी पाणचट होईल.

प्रमाण विचाराल तर एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड, काळी प्यायची असेल तर. दूध घालणार असाल तर ८० पर्यंत जा, नाहीतर दुधात कॉफी हरवते. जायफळ कपात किसा, प्रेसमध्ये नको, आणि दूध तर प्रेसमध्ये कधीच घालू नका. जाळीत बसलेली दुधाची साय दुसऱ्या दिवशी वास मारते.

स्टीलचा घेताना

स्टीलचे सगळे प्रेस सारखे नसतात, आणि हे मी पैसे घालवून शिकले. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेल्या प्रेसवर 'इन्सुलेटेड' असं ठळक लिहिलं होतं. भिंती दुहेरी होत्या, पण मध्ये नुसती हवा. दोन मिनिटांत बाहेरून हात लावता येईना. परत पाठवायला आठवडा गेला. खरी उष्णता धरते ती पोकळी, म्हणजे दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली जागा. जेम्स देवार यांनी १८९२ साली हीच युक्ती वापरून निर्वात बाटली बनवली आणि थर्मास तिथूनच आला.

घरी आणल्या आणल्या तपासा. काठोकाठ आधण भरा, झाकण लावा, पाच मिनिटांनी पोटावर तळहात ठेवा. पोट गार किंवा जेमतेम कोमट असेल तर पोकळी शाबूत आहे. वरचा काठ गरम लागेल, तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात, त्याची काळजी नको. पोट तापलं तर परत करा. हीच परीक्षा भांडं हातातून पडून पोचा आल्यावरही करा, कारण पोचा आला की कधीकधी पोकळी जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. आणि असं दुहेरी भांडं गॅसवर कधीही ठेवू नका, रिकामंही नाही. बंद पोकळी तापवणं धोक्याचं आहे.

तरी हा थर्मास नव्हे. दांड्यासाठी झाकणाला भोक असतं, चोच उघडी असते, वाफ तिथून जातच राहते. तासाभराच्या पुढे अपेक्षा ठेवू नका.

स्टील ३०४ दर्जाचं असावं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. आमच्या ठाण्यात जांभळी नाक्यावर भांडी घेताना लोक चुंबक लावून बघतात, पण ती पारख अपुरी आहे. ३०४ ला चुंबक सहसा चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२ दर्जाच्या स्टीलला पण सहसा चिकटत नाही. भांड्यावर कोरलेला आकडा बघा आणि बिलावर लिहून घ्या. जाळी कुठल्या स्टीलची ते वेगळं विचारा.

स्टीलची मोठी अडचण म्हणजे आतलं दिसत नाही. काचेत तेलाचा थर डोळ्यांना दिसतो, स्टीलमध्ये तो नाकाला कळतो, तोही उशिरा. रात्री धुऊन सुकवून झाकण लावून ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. खवट वास आला तर कॉफीची तक्रार पुडीची नाही, भांड्याची आहे. सोड्याचाच उपाय इथेही. पांढरा थर दिसला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. नणंदेकडे नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं तोवर काही नसतं, पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आले की आठवड्यात थर धरतो. गरम पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवलं की निघतो. कपडे पांढरे करायचं ब्लीच मात्र स्टीलला लावू नका, बारीक खड्डे पडतात.

एक गोष्ट दोन्ही प्रेसना लागू आहे. जाळी कॉफीतलं तेल अडवत नाही, आणि त्यात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो, तो रोज पोटात गेला तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी गाळणी तो बऱ्याच अंशी अडवते. सासूबाईंना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितल्यापासून त्यांचा कप मी कागदी गाळणीतून गाळते. दोन मिनिटं जास्त लागतात.

मग कोणता?

घरात एकजण किंवा दोघं एकाच वेळी पीत असतील, भांडी स्वतः धूत असाल, आणि कॉफीचा रंग, वरचा फेस, मुरणं डोळ्यांनी बघायला आवडत असेल तर काचेचा. तो स्वच्छ ठेवायला सोपा, स्वस्त, आणि मी तर म्हणेन त्यात कॉफी करायला शिकता येतं. घेताना फक्त सुटं भांडं त्याच मापाचं मिळतं का ते आधी विचारा, आणि आतला व्यास मोजून लिहून ठेवा, पुढे तेच लागतं. घरात लहान मूल किंवा वयस्क माणूस ओट्याशी वावरत असेल, भांडी अनेकांच्या हातांतून जात असतील, तर स्टीलचा, निर्वात पोकळीचाच. आमच्याकडे सासूबाई आहेत म्हणून स्टीलचा आहे. चवीपुरतं बोलायचं तर मी आजही काचेचा घेतला असता.

माप बघताना फसू नका. खोक्यावरचा 'कप' साधारण १२० मिलीचा असतो. '८ कप' म्हणजे एक लिटर, आपल्या मगाने जेमतेम चार. '३ कप' म्हणजे ३५० मिली, एका माणसाचा.

नणंदेने काचेचाच ठेवला आणि अर्ध्या लिटरचा थर्मास घेतला. परवा तिचा पुन्हा फोन. "वहिनी, कॉफी गरम आहे, कडू नाही, पण तळाशी गाळ फार येतो." मी तिला दांड्याचा खालचा भाग उघडून फोटो पाठवायला सांगितला. स्प्रिंगची चकती जाळीच्या खाली लागली होती, धुताना अदलाबदल झालेली. सगळ्यात खाली भोकांची चकती, तिच्यावर जाळी, कड वर वळलेली, आणि त्या कडेच्या आत बसेल अशी स्प्रिंगची चकती वर. तिने फोन चालू ठेवूनच बसवलं आणि रिकाम्या भांड्यात दांडा एकदा वर-खाली केला. आधी खरखर यायची, ती मला फोनवरही ऐकू आली नाही.